सात अक्षरांच्या मोहिमेची हकीकत

श्रीगणराय व वाग्देवता शारदा यांचे चरणी मस्तक ठेवून, आणि ज्यांचे मस्तकातून शब्द उडोन गेले त्यांस दंडवत करून, ही हकीकत लिहावयास आरंभ केला. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सरी एक राज्य होते. नाव सांगण्याची आज्ञा नाही. विस्तार तीन खोल्या व एक गॅलरी एवढाच, परंतु रुबाब बारा मावळांचा. गादीवर श्रीमंत सिदोजीराव विराजमान, हयात इंग्रजी शिकविण्यात गेलेली, आणि पट्टराणी बयाबाईसाहेब, ज्यांस इंग्रजी अक्षरे सुटी ओळखता येत, जोडून वाचता येत नसत. कन्या एकच, सगुणाताई, ती सातासमुद्रापार चाकरीस होती.

बापलेकीचा रिवाज ऐसा की, रोज सकाळी कन्येने मोबाइलवर इंग्रजी सात अक्षरे धाडावी, आणि रावांनी त्यांतून होतील तितके शब्द जिंकून दुपारच्या पानापूर्वी रवाना करावे. चार अक्षरांचा शब्द म्हणजे चौकी, पाचांचा म्हणजे गढी, आणि साती अक्षरे कामी आली म्हणजे बालेकिल्ला सर झाला. बालेकिल्ला पडला की राव मांडीवर थाप मारीत आणि राणीसाहेबांस म्हणत, "अहो, साखर वाटा!" आणि बाई चिमूटभर साखर त्यांच्याच हातावर ठेवीत. लेकीशी दुसरे बोलणे फारसे होत नसे, परंतु या लढाईत उभयतांचे सारे कुशल येऊन जाई.

पुढे भाद्रपदात दैव फिरले. राव अक्षरे समोर घेऊन बसले, आणि एकही शब्द उठेना. मग एक उठला, तोच पुन्हा लिहिला, आणि तोच तिसऱ्यांदा लिहिला. मग चष्मा काढून ठेविला आणि लहान मुलासारखे रडले. वैद्य म्हणाले, विस्मरणाचा आजार आहे, हळूहळू माणसेही पुसली जातील, जे भेटणे ते लवकर भेटून घ्यावे. राव घरी येऊन बाईंस बोलिले, "सगुणेस कळता कामा नये. कळले तर हातचे सारे टाकून धावत येईल. तुम्हांस आमच्या गळ्याची शपथ." बाईंनी पदर तोंडास लाविला आणि शपथ घेतली. झाकली मूठ सव्वा लाखाची, ऐसे त्यांस वाटले.

परंतु शब्द गेले नाहीत तर लेकीस संशय येईल, म्हणोन बाईंनी शेजारील केसोपंतांस बोलाविले. पंत म्हणाले, "वहिनी, त्यात काय मोठेसे! इंटरनेटवर जागा आहे. अक्षरे घातली की शब्दांची रास पडते. तुम्ही फक्त उतरवून घ्या." आणि बाई रोज रावांचे स्नान आटोपले की चष्मा लावून बसो लागल्या. एकेक अक्षर बोटाने दाबावे, मग रास पडावी, मग एकेक अक्षर उतरवून रावांच्या नावे धाडावे. अर्थ एकाचाही ठाऊक नाही. आता शहाणपण ऐसे की, थोडेच धाडावे. परंतु बाईंनी सारी रासच धाडिली, कारण धन्याची लाज राखायची तर हात आखडता कशास! चौक्या, गढ्या, बालेकिल्ले, रोज फत्ते. जन्मात रावांनी ऐसी लढाई मारिली नव्हती.

कन्या हर्षली. फोन करून म्हणाली, "आई, बाबा तर तरुण झालेत गं! माझ्या जिवाला उगाच घोर लागला होता, म्हणून दिवाळीला यायचं ठरवत होते. आता चैत्रात येते निवांत. बाबांना दे ना."

"निजलेत," बाई म्हणाल्या. राव समोर बसोन भिंत पाहत होते.

फोन ठेविला, तो बाईंस उमगले. करावयास गेले एक आणि झाले भलतेच. मनात आले, फिरून फोन करावा, सारे सांगावे. तो शपथ आडवी आली, आणि खरे सांगावयाचे तर, लेकीचा तो हर्ष मोडण्याची छातीही झाली नाही. दिवाळी गेली. मग संक्रांतीचे सुमारास राव बाईंसही, परक्यास म्हणावे तैसे, "आपण" म्हणो लागले.

फाल्गुनात एके सकाळी अक्षरे आली. बाईंनी नित्याप्रमाणे यंत्रात घातली, आणि बालेकिल्ल्याचा शब्द निघाला तो उतरवून धाडिला. शब्द होता 'वेलकम'. दारच्या पायपुसण्यावर तोच शब्द विणलेला असताही बाईंस उमगला नाही. घटकाभराने दार वाजले. दारात सगुणाताई, पाठीस सामान, डोळ्यांत पाणी, मुखावर हसू. "बाबा, ओळखलंतच ना! विमानतळावरून मुद्दाम ती अक्षरं धाडली, आणि तुम्ही बरोबर वेलकम म्हणालात!" ऐसे म्हणोन पायांवर वाकली.

रावांनी पाय आवरले आणि अदबीने पुसिले, "बसा. आपण कोणाकडील?"

सगुणाताईने आईकडे पाहिले. बाई भिंतीस टेकल्या आणि म्हणाल्या, "मी गं, मी धाडत होते. त्यांनी शपथ घातली होती."

"कधीपासून?"

"भाद्रपदापासून."

"म्हणजे दिवाळीत आले असते तर..." बाईंनी मान हलविली. दिवाळीत राव लेकीचे नाव घेऊन हाका मारीत होते. हे बाई बोलिल्या नाहीत, परंतु कन्येस कळले. मग ती आईवर रागावली नाही, किंवा रागावली ती पुढे कधी. त्या वेळी खाली फरशीवर बसली आणि मोठ्याने रडली.

पाहुणी बाई रडते हे पाहोन राव कष्टी जाहले. समजूत काढावी म्हणोन आपला मोबाइल पुढे केला. "रडू नका. हे पाहा, आमची लेक रोज अक्षरे धाडते. फार हुशार. जरा मदत करता?" आणि बोट त्या सात अक्षरांवर फिरवो लागले. बराच वेळ गेला. बाई बोलावयास आल्या, त्यांस कन्येने हाताने थांबविले. मग रावांचे बोट एका अक्षरावर, मग दुसऱ्यावर, ऐसे चारांवर थांबले, आणि राव म्हणाले, "कम. म्हणजे ये. चौकीच आहे, पण धाडा. पुष्कळ दिवस झाले, आली नाही."

सगुणाताईने ती चार अक्षरे बापाच्या हाताने दाबविली आणि रवाना केली. तिच्याच पदरात तिचा मोबाइल वाजला.

ऐसी ही मोहीम समाप्त जाहली. बालेकिल्ले अनेक पडले, ते सारे यंत्राचे. रावांनी आपल्या बळावर मारिली ती ही एक चौकी, आणि ती लेकीस पोचली.