एक वीत डावीकडे

नळी वाकडी आहे हे आर्विल लेडबेटरला पहिल्याच दिवशी कळलं होतं, हे आधी सांगून टाकलेलं बरं. पुढे पुढे त्याची कीव यायला लागते आणि ऐकणारा हे विसरतो.

फार नव्हती वाकडी. साडेतीन फुटांच्या नळीत, अगदी तोंडापाशी, रेशमाचा धागा ताणून धरला तर धाग्याखालून जरासा उजेड दिसावा, इतकीच. ठासणीच्या बंदुका बनवणाऱ्याला असल्या नळ्या भेटतातच, आणि त्यावरचा उपायही ठरलेला आहे. नळी अष्टकोनी असते. ती अशी फिरवून लाकडी दस्त्यात बसवायची की बाक खालच्या अंगाला येईल. मग बार थोडा खाली लागतो, नेम धरायची पुढची माशी कानशीने जराशी घासली की काम झालं. बाक आडवा मात्र येऊ द्यायचा नाही. चाळीस वर्षं शेडमध्ये बंदुका बनवणाऱ्या आर्विलने ही गोष्ट निम्म्या खोऱ्याला शिकवली होती, आणि शिकवताना समोरच्याला गाढवही म्हटलं होतं.

तर त्याने धागा ताणला, बाक शोधला, वर यायच्या बाजूवर खडूने खूण केली. सगळं रीतसर. मग तेलाचं फडकं घेऊन नळी स्वच्छ पुसली, आणि नळीबरोबर खूणही पुसली. पुन्हा धागा ताणायला पाच मिनिटं लागली असती. पण नेमका त्याच वेळी, ज्याच्यासाठी बंदूक बनत होती तो त्याचा मेहुणा हॉबर्ट दारात आला, स्टूल ओढून बसला आणि म्हणाला,

"सरळ आहे ना रे?"

नुसत्या डोळ्याने केसाएवढा बाक ओळखतो अशी आर्विलची ख्याती होती. ती बहुतेक त्याने स्वतःच पसरवली होती.

"सुतासारखी," आर्विल म्हणाला.

एकदा सुतासारखी म्हटल्यावर गिऱ्हाइकासमोर धागा कसा काढणार? त्याने नळी डोळ्याशी धरली, हूं हूं केलं, आणि आठवणीने एका बाजूवर खूण केली. आठवण अष्टकोनाच्या दोन बाजू चुकली. बाक खाली यायचा तो डाव्या अंगाला गेला. मग त्या खुणेवर नळीच्या बुडाचं बूच बसलं, ठिणगी आत जाण्याचं भोक पडलं, दस्ता कोरला गेला. आता मागे फिरायचं तर सगळी बंदूक चुलीत घालावी लागली असती.

आणि दस्ता काही असातसा नव्हता. हॉबर्ट म्हणजे आर्विलच्या बायकोचा, झेलाचा, थोरला भाऊ. वय चौऱ्याहत्तर. त्याची नोला जाऊन चार वर्षं झाली होती. तिने दारात लावलेला मेपल ती गेली त्याच हिवाळ्यात वादळाने पडला. हॉबर्टने त्याच्या फळ्या कापून कोठारात सुकवत ठेवल्या, तीन वर्षं रोज त्यांच्यावरून हात फिरवला आणि मग त्यातली सगळ्यात देखणी, लाटा लाटा उठलेली फळी आर्विलच्या हवाली केली. ऑक्टोबरच्या नेमबाजीत याच बंदुकीने उतरणार म्हणाला.

त्या डोंगरात ही नेमबाजी आजोबा-पणजोबांपासून चालत आलेली. ओंडक्यावर नळी टेकवायची, मागे पालथं पडायचं आणि साठ यार्डांवरच्या फळीवरच्या फुलीवर दहा बार काढायचे. प्रत्येक छिद्र फुलीपासून किती लांब ते दोरीने मोजायचं. ज्याची दहा बारांची मिळून दोरी सगळ्यात आखूड तो पहिला. बक्षीस म्हणजे एक धष्टपुष्ट बैल. पहिल्या चौघांना एकेक चतुर्थांश, पाचव्याला कातडं आणि चरबी. आणि जो सगळ्यांत खाली येईल त्याला, चेष्टा म्हणून, फळीमागच्या बुंध्यात रुतलेलं शिसं.

हॉबर्ट एकोणीस वर्षं पाचवा येत होता. दरवर्षी कातडं घेऊन घरी गेला की नोला दारात उभी राहून विचारायची, "कातडं आणलंस, बैल कधी आणणार?" शेवटच्या आजारपणातही तिने एकदा विचारलं होतं. हॉबर्टने ते फार मनाला लावून घेतलं होतं.

जूनमध्ये बंदूक तयार झाली. आर्विलने ती परसात नेऊन फुलीवर नेम धरला, बार काढला. गोळी एक वीत डावीकडे. त्याने दारूला दोष दिला. दुसरा बार, एक वीत डावीकडे. वाऱ्याला दोष द्यावा तर झाडाचं पान हलत नव्हतं. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. इथे नाचणारा पटाईत होता आणि अंगण खरोखरच वाकडं होतं.

उपाय होता. नळीवरची, नेम धरायची मागची खाच जवाभर उजवीकडे सरकवली असती तर बार फुलीवर आला असता. पण मग खाच मधोमध बसली नसती, आणि ते खोऱ्यातल्या कुठल्याही माणसाने बंदूक हातात घेताच ओळखलं असतं. लेडबेटरने वाकडी नळी आडवी बसवली! त्यापेक्षा मेलेलं बरं. त्याने खाच मधोमध ठेवली, पितळ चकचकीत केलं आणि हॉबर्टला आधी सगळं सांगायचं असं ठरवलं.

हॉबर्ट आला. त्याने दस्त्यावरून हात फिरवला, गाल लावला आणि तसाच उभा राहिला. मग म्हणाला, "तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसायचं रे हे झाड." आणि नाक शिंकरलं. अशा माणसाला काय सांगणार? उद्या सांगू, आर्विल मनात म्हणाला. त्या उद्याचा जुलै झाला, जुलैचा ऑगस्ट झाला.

रविवारी चर्चनंतर हॉबर्ट बहिणीकडे जेवायला यायचा. मक्याची भाकरी ताकात कुस्करता कुस्करता सांगायचा, कोठारामागे रोज वीस बार काढतो.  कशी लागते बंदूक, असं आर्विल भीत भीत विचारायचा.

"झकास," हॉबर्ट म्हणायचा. "जिथे म्हणावं तिथे."

बिचाऱ्याला छिद्रंच दिसत नसतील, आर्विलला वाटायचं. हॉबर्टचा उजवा डोळा दोन वर्षं झाली, धुकट होत होता. सप्टेंबरमध्ये शहरातल्या डॉक्टरने सांगून टाकलं की वसंतापर्यंत त्या डोळ्याचं काही खरं नाही. म्हणजे ही शेवटची नेमबाजी. झेला त्या दिवशी भांडी घासताना रडली. आर्विल शेडमध्ये जाऊन बसला आणि त्याने स्वतःला त्याच नावाने हाक मारली, ज्या नावाने तो चाळीस वर्षं इतरांना हाक मारत आला होता.

आता सांगून उपयोग नव्हता, काहीतरी करायला हवं होतं. नेमबाजीच्या तीन दिवस आधी तो हॉबर्टकडे गेला आणि चाप साफ करून देतो म्हणून बंदूक घेऊन आला. हॉबर्टला ते फारसं पसंत पडलेलं दिसलं नाही.

"चापच साफ करशील ना?" त्याने दोनदा विचारलं.

"दुसरं काय करणार?"

झेला चर्चच्या बायकांबरोबर गोधड्या शिवायला गेली होती. आर्विलने नळी दस्त्यातून सोडवली, चिंध्या गुंडाळल्या आणि परसातल्या सफरचंदाच्या झाडाच्या बेचक्यात घातली. वाकडी नळी सरळ करायची ही जुनीच रीत. आजा करायचा, बाप करायचा. आर्विलने उभ्या जन्मात चारदा केली होती आणि चारही नळ्या वाया घालवल्या होत्या. म्हणून तर त्याने इतके दिवस झाडाकडे बघितलं नव्हतं. त्याने नळीवर अंगाचा भार टाकला, धागा ताणला, पुन्हा भार टाकला. नळी उलट्या बाजूला वाकली. त्याला घाम फुटला. परत फिरवून, बाळाला निजवावं तसा हलकासा भार दिला. धागा ताणला, तर धाग्याखाली उजेड नाही. पूर्ण नळीभर नाही. बंदूक जोडून त्याने तीन बार काढले आणि तिन्ही फुलीवर बसले. आर्विल झाडाला टेकून खाली बसला आणि चार महिन्यांत पहिल्यांदा त्याला कडकडून भूक लागली.

शुक्रवारी संध्याकाळी त्याने बंदूक परत दिली. नेमबाजीच्या आदल्या दिवशी बार काढायचा नाही, हा हॉबर्टचा जुना नेम. त्याने ती तशीच खुंटीला लावली.

शनिवारी लख्ख ऊन पडलं होतं. झेला तळलेल्या सफरचंदाच्या करंज्या घेऊन टेबलामागे बसली, आर्विल दुर्बीण लावून दोरीच्या कडेला. दहा बार होईपर्यंत फळीकडे जायचं नाही आणि नेमबाजाला चकार शब्द सांगायचा नाही, असा तिथला कायदा. हॉबर्ट ओंडक्यामागे पालथा पडला. त्याने डोक्यावरची टोपी उलटी केली, गाल नोलाच्या मेपलला लावला आणि पहिला बार काढला.

आर्विलने दुर्बिणीतून फळीभर शोधलं. छिद्र नाही. फळीच्या बाहेर, बुंध्यावर होतं ते, फुलीपासून एक वीत उजवीकडे.

हात हलला असेल म्हातारबुवाचा, असं तो मनाशी म्हणाला. दुसरी गोळी पहिलीच्या छिद्राला चिकटून बसली. तिसरी त्या दोघींच्या मधे. आता ज्याचा हात हलतो त्याच्या तीन गोळ्या एका छिद्रात कशा जातील?  आर्विल उठला आणि करंज्यांच्या टेबलापाशी गेला.

"झेला, हॉबर्ट कुठे नेम धरतोय?"

"उजवीकडे. एक वीत," झेला करंज्या मांडता मांडता म्हणाली. "बंदूक डावीकडे मारते ना तुझी."

"त्याला माहीत आहे?"

"पहिल्या बारापासून. आर्विलला बोललीस तर याद राख म्हणाला. तू मन लावून बनवलीस, तुला वाईट वाटेल म्हणून. अख्खा उन्हाळा तेच घोटत बसला होता कोठारामागे. अंगवळणी पाडलंन बघ." मग तिने नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिचा हात थांबला. "काय केलंस तू?"

चौथा बार झाला. आर्विल दोरीपर्यंत धावत गेला. एक शब्द पुरला असता. पण बोलला तर हॉबर्ट कायद्याने बाद, आणि नाही बोलला तर असाच बाद. तो दोरी धरून उभा राहिला. पाचवा झाला, सहावा झाला. हॉबर्ट घाई करत नव्हता, प्रत्येक बाराआधी त्या धुकट डोळ्याला मनसोक्त वेळ देत होता. दहावा बार झाल्यावर तो गुडघे धरत उठला. त्याच्या चेहऱ्यावर जे हसू होतं ते आर्विलला पाहवलं नाही.

फळी आणली गेली. कोरी. एवढी कोरी की दोरी घेऊन आलेल्या पंचाने ती उलटी करून पाहिली. मग सगळे बुंध्यापाशी गेले. दहाच्या दहा गोळ्या कॉफीच्या एका कपाखाली झाकल्या असत्या. त्या मैदानावर असे दहा बार कुणी पाहिले नव्हते. पंचाने उगाचच त्या ढोलीवर दोरी धरून मोजलं आणि सांगितलं की हीच फुली असती तर पहिल्या चतुर्थांशाला हॉबर्टशिवाय कुणाचा हात लागला नसता. मग खाली मान घालून त्याने नियमाप्रमाणे सुरीने शिसं उकरलं आणि हॉबर्टच्या हातात दिलं. दहा गोळ्यांचा एक ओबडधोबड गोळा झाला होता. कुणी चेष्टा केली नाही.

घरी जाताना झेला दुसऱ्यांच्या गाडीतून गेली, मुद्दाम. पिकअपमध्ये दोघेच होते. हॉबर्टने मांडीवर शिसं ठेवलं होतं, बंदूक गुडघ्यांच्या मधे. पूल ओलांडल्यावर त्याने विचारलं,

"कुठल्या झाडात?"

"परसातल्या सफरचंदाच्या."

"हं." त्याने बोटाने नळी चाचपली. "चांगली सरळ केलीस."

चाळीस वर्षं आर्विल या एका वाक्यासाठी तळमळला होता. आता ते ऐकून त्याला गाडी कडेला घ्यावी लागली. तो सगळं बोलला, खडूपासून. फडकं, स्टूल, सुतासारखी, खाच, सगळं. माफ कर म्हणाला. नोलाला काय तोंड दाखवणार, असंही काहीतरी म्हणाला.

"मीही सांगायला हवं होतं," हॉबर्ट म्हणाला. "जूनमध्येच. तू जेवताना इतका तोंड पाडून बसायचास, म्हटलं आणखी कशाला."

 काचेबाहेर डोंगर लाल-पिवळा झाला होता. हॉबर्टने डावा डोळा हाताने झाकून डोंगराकडे पाहिलं, मग हात काढला.

"पुढच्या वर्षी ओंडक्यामागे तू झोप. हिच्याच दस्त्याला गाल लाव. दुर्बिणीशी मी बसतो."

"तुला दिसेल?"

"नाही दिसणार. पण काळजी करू नकोस, तुझा प्रत्येक बार मी फुलीवर लागला म्हणूनच सांगेन."

आर्विलने गाडी सुरू केली. "नको रे बाबा," तो म्हणाला. "झेलाला बसवू."