बांधावरच्या वाइनचं तत्त्वज्ञान

ही गोष्ट तुम्हाला पटणार नाही. आटपाडीत चहाच्या टपरीवर मी ती पहिल्यांदा काढली, तेव्हा अर्जुना म्हणाला, "आबा, तोंड उघडायच्या आधीच खोटं वाटतंय." त्याचा धाकटा भाऊ पप्पू दुसऱ्या बाकावर पाठ करून बसला होता. शेताच्या बांधावरून त्या दोघांचा अबोला आहे. कान मात्र दोघांचेही माझ्याकडेच.

तर आमच्या शेजारच्या गावात नाथाजी आणि आकाराम या सख्ख्या भावांनी मिळून वाइन करायला घेतली. द्राक्षं तुडवून रस लाकडी पिंपात भरला आणि पिंप ठेवलं दोघांच्या रानांमधल्या बांधावर. तिथंच पेटलं. बांध नाथाजीनं हातभर सरकवला, असं आकारामचं म्हणणं. आकारामनं दोन हात, असं नाथाजीचं. त्या दिवसापासून पिंपाला कोणी हात लावेना. जो लावेल, त्यानं दुसऱ्याची हद्द मान्य केली असं झालं असतं! बोलायचंच झालं, तर मध्ये बांधलेल्या म्हशीशी.

"म्हशे, सांग त्याला, झाकण उघडायचं न्हाई."

"म्हशे, त्याला म्हणावं, तूच उघड. मग बघतो."

पुढं पुण्याहून एक वाइनतज्ज्ञ आले. त्यांनी स्वतःच तोटी फिरवली, घोट घेतला आणि गहिवरले. "मानवी हस्तक्षेप शून्य! तुमचं तत्त्वज्ञान काय?"

"आमी हात लावत न्हाई," नाथाजी म्हणाला.

"लावून तर दाखव म्हणावं," आकारामनं म्हशीला सांगितलं.

तज्ज्ञांनी दोन्ही वाक्यं बाटलीवर छापून घेतली.

वाइन लय खपली. संबंधित खात्यानं तिला 'अस्सल कौटुंबिक अबोला' हा दर्जा बहाल केला आणि अबोला अखंडित राहावा म्हणून एक अबोला संवर्धन अधिकारीही नेमला. महाबळेश्वरहून स्ट्रॉबेरीवाले भाऊ प्रशिक्षणाला येऊ लागले. एका जोडीला भांडायला कारणच सापडेना, तेव्हा खात्यानं त्यांना अनुदानातून एक बांध मंजूर केला.

अशात नाथाजीच्या शिवांजलीचं लग्न ठरलं. पोरगी हटून बसली, "आकारामतात्या अक्षता टाकायला आल्याबिगार मी बोहल्यावर चढणार न्हाई."

अधिकारी गंभीर झाले. "चुलते आल्यास दर्जा रद्द."

"आवं साहेब, पोरीचं लगीन हाय!"

"मग म्हैस बोलवा. ती उभयपक्षी मान्यताप्राप्त प्रतिनिधी आहे."

लग्नाला म्हैस आली. शिंगं रंगवून, गळ्यात आहेराची साडी अडकवून. शिवांजली बोहल्याखालीच उभी. भटजी घड्याळ बघतायत, वरपक्ष कुजबुजतोय. शेवटी पोरीनं म्हशीच्या गळ्यात हात टाकले आणि हुंदका दिला, "म्हशे, सांग गं तात्याला, म्या वाट बघतीया."

म्हैस हंबरली. तो आवाज आकारामनं आपल्या रानात ओळखला. बांध तुडवत, पिंप लाथेनं पाडत तो थेट मांडवात आला आणि भावाच्या गळ्यात पडला. "नाथा, बांध तुझा. घे सगळा."

इथपर्यंत टपरीवर सगळ्यांच्या माना हलत होत्या. वाइनतज्ज्ञ पटले, अनुदानाचा बांध पटला, आहेर आणणारी म्हैससुद्धा पटली. तुम्हीही कुठं अडलात? म्हणून मी हुरूपानं पुढं गेलो, "तवा नाथाजी म्हणाला, न्हाई रं आकाराम, चूक माझीच, बांध तुझाच..."

तेवढ्यात दोन्ही बाकांवरून अर्जुना आणि पप्पू, कित्येक वर्षांत पहिल्यांदाच, एका सुरात ओरडले, "खोटं! आवं आबा, साफ खोटं!"