जंगलाचा वाटा कोणी खाल्ला?

डेल्मर ऑस्ट्रमच्या मते टॅमरॅक काउंटीत थक्क व्हावं अशा दोनच गोष्टी होत्या: तीनशे वर्षांचे देवदार आणि डेल्मर ऑस्ट्रम. चाळीस वर्षं त्याने ओंडके मोजले होते. ओंडका पाहून झाडाचा स्वभाव सांगणाऱ्याला माणसाचा गुन्हा ओळखणं काय अवघड, असं तो स्वतःच विचारी आणि स्वतःच मान डोलावी. 'गुप्तहेर' अशी कार्डं त्याने घरोघरी वाटली होती. त्यामुळे गुप्त असं फारसं उरलं नव्हतं.

नोरीन टली शाळेची बस चालवायची. डेल्मरने कोर्टाच्या पायऱ्यांवर गाडी चढवली आणि लायसन्स घालवलं, तेव्हापासून ती त्याची मदतनीसही झाली होती.

सरकारी जंगलातल्या लाकडाच्या उत्पन्नाचा वाटा दरवर्षी काउंटीच्या शाळेला आणि रस्त्यांना मिळे. यंदा मार्च उजाडला तरी पत्ता नव्हता. नोरीनची बस बंद करायचं घाटत होतं. म्हणजे वरच्या खोऱ्यातली अकरा मुलं घरी बसणार. बुडत्याला काडीचा आधार म्हणून नोरीनने पैशांचा छडा लावायला डेल्मरला बसमध्ये घेतलं. ही काडी फार बोलायची.

पहिला संशय काउंटीचा कारकून व्हर्लवर, कारण त्याच्या दारात नवी होडी होती. ती सासूने दिलेली निघाली, भोकासकट. दुसरा संशय घुबडांसाठी झाडतोड अडवणाऱ्या म्हाताऱ्या बाईंवर. डेल्मर त्यांच्या झुडपात दोन तास लपला. शेवटी त्यांनीच त्याला बाहेर काढून काटे उपटून दिले. मग त्याची नजर बसच्या नव्या टायरांकडे वळली.

"संशयातून कोणालाच वगळता येत नाही, नोरीन."

"मग उतरा," ती म्हणाली.

घर आठ मैल दूर होतं. संशय तत्काळ फिटला.

उलगडा केला शाळेच्या स्वयंपाकीणबाई आर्डिस यांनी. लोणी संपलं म्हणून त्या रस्त्यावर कोसळलेल्या दरडीवरून चालत खालच्या पेट्रोलपंपावर गेल्या, तर तिथे टपालाच्या तीन थैल्या. रस्ता खचल्यापासून टपालगाडी तिथूनच परतत होती. तीन आठवडे बिलं आली नाहीत म्हणून गावाने देवाचे आभार मानले होते. चौकशी कोणी केली नव्हती. एका थैलीत सरकारचा फॉर्म होता: शाळेला किती, रस्त्याला किती ते लिहून शुक्रवारी बारापर्यंत पाठवा, पैसे मिळतील. म्हणजे रस्त्याचे पैसे रस्त्यामुळेच अडले होते.

"मला पहिल्यापासून रस्त्याचाच संशय होता," डेल्मर म्हणाला.

शुक्रवारी सकाळी व्हर्लने सही केली. पाकीट दरडीपलीकडे न्यायचा मान डेल्मरने हट्टाने घेतला आणि मध्यावर तो कमरेपर्यंत रुतला. पाकीट मात्र त्याने डोक्यावर कोरडं धरलं होतं. आर्डिसबाईंनी आधी पाकीट घेतलं, मग त्याला ओढायचं की नाही याचा थोडा विचार केला. पावणेबाराला त्यांचा शहरातून फोन आला: पाकिटावर पोचल्याचा शिक्का पडला.

दुपारी बसमध्ये बसून नोरीनने थैल्यांतली पत्रं वेगळी केली. एक तिच्याच नावाचं होतं, शाळामंडळाच्या शहरातल्या कार्यालयाकडून. निधीअभावी तिची नोकरी गेल्या सोमवारपासून संपली होती. पाच दिवस ती कोणाचीच नोकर नसताना बस चालवत होती.

घोंगडीत गुंडाळलेल्या डेल्मरने मान लांब केली. "नवं प्रकरण?"

नोरीनने घड्याळ पाहिलं. शाळा सुटायला पाच मिनिटं होती. तिने पत्र त्याच्या चिखलाच्या बुटांखाली पसरलं आणि बस सुरू केली.