नळाचं निमित्त

ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे, अगदी शपथेवर सांगतो. म्हणजे नव्वद टक्के. उरलेले दहा प्लंबरने सांगितलेत, आणि तो नळाबद्दलसुद्धा खरं बोलत नाही.

कारणराव ऑफिसात रजेचे अर्ज तपासायचे. ‘कारण’ हा रकाना रिकामा दिसला की अर्ज परत. एकवीस वर्षं हेच. त्यामुळे बायको आठ दिवसांसाठी म्हणून बहिणीकडे गेली, तिला महिना होऊन गेला, घर खायला उठलं, तरी फोन करायला त्यांना कारण सापडेना. (‘करमत नाही’ हे कारण त्यांनी आजवर कुणाचंच मंजूर केलं नव्हतं.) रोज ते तिची उशी झटकायचे आणि होती तिथेच ठेवायचे.

शेवटी त्यांनी पान्हा घेतला, मोरीतला नळ सैल केला आणि फोन लावला.

“अगं, नळ गळतोय. प्लंबरचा नंबर?”

“फ्रिजवर चिकटवलाय.”

“बरं.”

प्लंबरने दोन मिनिटांत नळ बंद केला. झालं, कारणच गेलं. मग दुसऱ्या दिवशी बेसिन. तिसऱ्या दिवशी फ्लश. रोज संध्याकाळी फोन.

“अगं, प्लंबरला चहा विचारायचा का?”

“विचारा की. तुम्ही बरे आहात ना?”

“मी बरा आहे. बेसिनचं काही खरं नाही.”

ती म्हणाली, “बरं. उद्या सांगा बेसिनचं.”

असा आणखी महिना गेला. मग एके दिवशी हॉलमध्ये घोटाभर पाणी.

“साहेब,” प्लंबर म्हणाला, “हा पाइप फुटलेला नाही. करवतीने कापलाय.”

कारणराव करवतीवर बसले होते. उठले नाहीत.

“वहिनी कधी येणार?”

“माहीत नाही.”

“विचारा ना मग.”

“असं कसं विचारणार? काहीतरी निमित्त नको?”

प्लंबरने ओल्या हाताने त्यांचा फोन उचलला. “वहिनी, साहेबांना करमत नाही. या.”

दुसऱ्या दिवशी ती हजर. पदर खोचून पाणी काढायला लागली. कारणराव तिच्या मागे येऊन उभे राहिले.

“दोन महिने लावलेस गं.”

“पहिला महिना बहिणीसाठी,” ती म्हणाली. “दुसरा तुमच्या फोनसाठी. घरी असताना तुम्ही रोज माझ्याशी कधी बोललात?”

कारणराव विचार करून अगदी मनापासून म्हणाले, “मग परत जातेस का?”

तिने त्यांच्या हातात फडकं दिलं.

असो. आता चहाचे पैसे तेवढे तुम्ही द्या. दोन कपांचे. हे शेजारी बसलेत ना, तेच प्लंबर.