नामदेवअण्णांच्या शंभर फरश्या

भोरमध्ये माझ्या शेजारी राहणारे नामदेवअण्णा स्वतःच्याच हॉलमधली खडूची रेघ ओलांडण्यापूर्वी, दार वाजवावे तशी भिंतीवर टिचकी मारतात. पलीकडे कोणीही नसते.

हॉलमध्ये फरश्यांच्या दहा ओळी आहेत, प्रत्येकीत दहा. शंभर फरश्या म्हणजे अण्णांचा पगार. रेघेपलीकडच्या कर्जाच्या हप्त्यांच्या, अलीकडच्या आपल्या.

अण्णा शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक आहेत. मोजमापातली चूक त्यांना सहन होत नाही. घर बांधले तेव्हा हप्त्यांकडे वीस फरश्या होत्या. मग फ्रीज आला, गाडी आली, मोबाईल आले. यंदाच्या उन्हाळ्यापर्यंत साठ झाल्या.

"पण पगारही वाढला ना?" मी एकदा विचारले.

"व्हय. पगार वाढला की रेघ मागं जाती. मोकळी जागा दिसली की घरात कायतरी येतंच."

हप्त्यांच्या बाजूला खिळा ठोकायचा नाही, मोठ्याने शिंकायचे नाही. सोफा रेघेवर आडवा आहे; पाहुण्यांना आपल्या बाजूच्या अर्ध्यावर दाटीने बसवतात. चहा देताना वहिनी मला म्हणतात, "भावजी, पाय आत घ्या. तिकडं गेला तर व्याज लागंल." अण्णा हसत नाहीत.

जूनमध्ये त्यांच्या मुलीला, वैशालीला, पुण्यात नर्सिंगला प्रवेश मिळाला. त्यासाठी पतपेढीचे कर्ज काढायचे, तर हिशेब सत्तरवर जात होता. सातव्या ओळीत तिचे अभ्यासाचे टेबल होते.

"ऱ्हाऊ द्या अण्णा," ती म्हणाली. "अशानं सगळं घरच जाईल. मी हितंच कॉलेजात जाते."

"तू बॅग भर. रेघ माझी हाय, मी बघतो."

ती नसरापूरमार्गे एसटीने गेली. संध्याकाळी मी डोकावलो. रेघ सातव्या ओळीपर्यंत सरकली होती. टेबलापाशी मात्र रेघेने वळसा घालून त्याखालच्या दोन फरश्या अलीकडे सोडल्या होत्या.

"अण्णा, अडुसष्टच होतात."

"नीट मोजा."

मी पुन्हा मोजल्या. खिडकीजवळ रेघ आठव्या ओळीत शिरली होती आणि तिथल्या दोन फरश्या पलीकडे गेल्या होत्या. शाळेतून आल्यावर अण्णा जिथे खुर्ची टाकून बसत, तीच ही जागा. सत्तर बरोबर भरल्या.

खुर्ची बाहेर ओट्यावर होती. अण्णा टेबल पुसत होते.

"दिवाळीला ईल ती," ते म्हणाले. "हितं बसताना तिला टिचकी मारायला लागू नये."