बंबावरचा चिखल

खरं सांगायचं तर बारीकरावांना बंबाच्या दाराला फक्त एक कडी लावायची होती. एवढीशी कडी, तांदळाच्या कणीएवढी. त्या एका कडीपायी पुढे घरातली चहाची गाळणी गेली, बायकोची भुवयांची पेन्सिल गेली, आणि जावयाची नोकरीच गेली असा सासऱ्यांचा पक्का समज झाला. पण मी फार पुढे गेलो, जरा मागे येतो.

बारीकराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. अंगानेही ते बारीक नव्हेत (शर्टाचं पोटावरचं बटण याची साक्ष देईल). पाणीपुरवठा खात्यात कारकून. फावल्या वेळात प्लॅस्टिकच्या किटमधून छोट्या गाड्या आणि विमानं जोडायची, हा त्यांचा नाद. त्यातही सगळा जीव बारीकसारीक कामात. खोक्यातले भाग चिकटवून रंग दिला की इतरांचं विमान तयार होतं, यांचं तिथे सुरू होतं. वैमानिकाच्या खुर्चीला पट्टा हवा, पट्ट्याला बक्कल हवं, बक्कलाला मधली सुई हवी. आणि एवढं करून वरची काच चिकटवली की यातलं काहीएक दिसत नाही. मग करता कशाला, असं बायकोने एकदा विचारलं, तेव्हा ते म्हणाले की आत ते आहे हे मला माहीत असतं ना. त्या दिवसापासून ती त्यांना बारीकराव म्हणू लागली आणि बघता बघता ऑफिसातही तेच नाव चालू झालं.

तर या वेळचं किट होतं आगीच्या बंबाचं. जुन्या पद्धतीचा, पुढे लांब नाक असलेला लाल बंब. आणि तो होता सासऱ्यांसाठी. सासरे म्हणजे अण्णा. अण्णांनी सबंध नोकरी असाच बंब चालवण्यात घालवली. निवृत्त होऊन जमाना झाला, तरी रस्त्यात सायरन ऐकू आला की खुर्चीत बसल्या बसल्या त्यांचा उजवा पाय दाबला जातो. त्यांच्या पंच्याहत्तरीला हा बंब द्यायचा, असं बारीकरावांनी ठरवलं होतं.

यात नुसतं प्रेम नव्हतं. अण्णा माणूस भला, पण माणसाची पारख त्याच्या हातांवरून करणारा. आणि जावयाचे हात त्यांना कधी पसंत पडले नव्हते. लग्नानंतर नव्या उत्साहात बारीकरावांनी सासुरवाडीत एक फळी ठोकून दिली होती, ती अण्णा जेवत असताना त्यांच्या पाठीवर आली. मग गळका नळ दुरुस्त केला, तर तळमजल्यावरचे लोक छत्र्या घेऊन वर आले (आणि हा माणूस पाणीपुरवठा खात्यातला). तेव्हापासून जावयांनी कशालाही हात लावला की अण्णा 'राहू द्या' म्हणतात, तेही इतक्या मायेने की त्यापेक्षा ओरडलेलं परवडलं. 'छान केलंत' हे दोन शब्द त्यांच्या तोंडून कधी निघाले नव्हते आणि बारीकरावांना तेवढेच हवे होते. बायकोलाही हे ठाऊक होतं. म्हणून तर गाळणी जाईपर्यंत ती काही बोलली नाही.

किटमधल्या दाराला कडी होती, पण ती दाराच्याच प्लॅस्टिकमध्ये उठवलेली. बारीकरावांनी ती खरवडून काढली आणि तारेची खरी कडी बसवली. भिंगातून पाहिलं. इतकी सुरेख दिसत होती की बाकीचं दार तिच्यापुढे खोटं वाटायला लागलं. मग दाराला बिजागऱ्या आल्या. दार उघडल्यावर आतली सीट दिसली, ती अगदीच गुळगुळीत, म्हणून सीटला शिवण आली. गाळणीची जाळी कापून पुढची जाळी झाली. बायकोच्या कंगव्यातले केस नेऊन इंजिनाच्या वायरी झाल्या. "पांढरे घेऊ नका," एवढंच ती म्हणाली.

खरी पंचाईत पुढे झाली. घंटेची दोरी ड्रायव्हरच्या हाताशी होती की शेजारच्याच्या? कुऱ्हाड कुठे टांगत? सीटखाली काय असे? किटच्या कागदावर यातलं काहीच नव्हतं आणि बारीकरावांचं कुतूहल तर आता उतू चाललं होतं. उत्तर एकाच माणसाकडे होतं, आणि त्याला तर पत्ता लागू द्यायचा नव्हता.

म्हणून ते दर रविवारी सासुरवाडीला जाऊ लागले. एरवी बोलवूनही न येणारा जावई आपण होऊन येतो, चहा पिताना हवापाण्याच्या गोष्टी काढतो आणि मधेच साळसूदपणे विचारतो की अण्णा, शिडी चढताना आधी कुठला पाय टाकत? हेल्मेट डोक्यावर असायचं की खुंटीला? गणवेश खात्याकडून मिळायचा का? (हा शेवटचा प्रश्न ड्रायव्हरच्या बाहुलीच्या रंगासाठी होता.) अण्णा सगळं सांगत, पण सांगता सांगता जावयाच्या तोंडाकडे निरखून बघत.

एक दिवस त्यांनी मुलीला स्वयंपाकघरात गाठलं आणि दार लोटून घेतलं. जावयांची नोकरी गेली का, असं त्यांनी हळूच विचारलं. गेली असली तर लाजण्यासारखं काही नाही, पण या वयात बंबावर भरती होत नाही. आणि स्टुलावर चढून बल्ब बदलताना ज्याला घेरी येते, त्याने शिडीची स्वप्नं बघू नयेत. बायकोला हसू आवरेना. ते दाबायला तिने तोंडाला पदर लावला, आणि मुलगी रडते आहे हे पाहून अण्णांची खात्रीच पटली.

आता बारीकराव तिसऱ्याच विचारात होते. बंब तर तयार झाला होता, पण तो नवाकोरा दिसत होता, दुकानातून नुकताच आणल्यासारखा. खरी गाडी अशी असते का? खरी गाडी राबलेली दिसते, तिच्यावर चिखल असतो, धूर असतो, खिळ्यांच्या कडेने गंज ओघळतो. किट जोडणाऱ्यांच्या जगात याला फार मान आहे. रंग काय कोणीही देतो, पण चिखल उडवणं ही कला. चांगली गाडी मळवण्यात तिथे लोकांची उमेदीची वर्षं जातात.

मग बारीकराव खरा बंब पाहायला फायर स्टेशनवर गेले. तिथे रांगेने उभ्या असलेल्या गाड्यांपैकी एकीच्या खाली ते सरपटत शिरले, भिंग घेऊन. थोड्या वेळाने शेजारी बुटांची जोडी येऊन थांबली. बूट स्टेशन ऑफिसरांचे होते. बारीकरावांनी घाईघाईने ओळख दिली, आपण अमक्यांचे जावई म्हणून. ऑफिसरांचा चेहरा एकदम मवाळ झाला. अण्णांचा कालच फोन आला होता, ते म्हणाले. तुमचं कळलं, वाईट वाटलं. फोनवर बसायचं काम निघालं तर बघतो, पण असं गाडीखाली झोपून विनवायची गरज नाही.

दुसरा कोणी असता तर तिथेच खुलासा करता. पण बारीकरावांच्या लक्षात आलं की या दुःखी चेहऱ्याच्या जोरावर सगळ्या गाड्या आतून बघायला मिळतील. त्यांनी नुसता एक सुस्कारा टाकला आणि चार गाड्या पाहून घेतल्या. निराशा झाली ती वेगळीच. एकाही गाडीवर डाग म्हणून नव्हता. पत्र्यात तोंड पाहून भांग पाडावा अशा लखलखीत. हल्ली यांना काम नसणार, असा त्यांनी निष्कर्ष काढला. अण्णांच्या वेळी किती आगी, किती धावपळ. त्या काळचा बंब म्हणजे चिखलाने कसा माखलेला असेल!

(अहो, सगळी सृष्टी भिंगातून पाहणाऱ्या माणसाला समोरची गोष्ट दिसली नाही, ती ही अशी.)

मग ते मालट्रक उभे राहतात त्या मैदानावर जाऊन चिखलाचा अभ्यास करू लागले. मडगार्डवर चिखल खालून वर कसा उडतो, ओला कसा दिसतो आणि वाळला की कसा. एक ड्रायव्हर बादली घेऊन ट्रक धुवायला निघाला, तर यांनी त्याला हात जोडून थांबवलं की दोन मिनिटं, मागच्या चाकाचं तेवढं बघून घेतो. त्याने बादली खाली ठेवली आणि सोबत्याला खूण करून बोलावून घेतलं.

घरी येऊन कामाला सुरुवात झाली. भुवयांच्या पेन्सिलीचा भुगा म्हणजे धूर. खडूची पूड आणि तपकिरी रंग म्हणजे चिखल, तो जुन्या टूथब्रशने उडवायचा. मीठ टाकून रंग उडवला की गंज. एकेक डाग जागच्या जागी बसवून वरून पारदर्शक रंगाचा हात. बायको दारात उभी राहून बघायची. कपाटावरची खरी धूळ पुसा म्हणून ती महिनाभर सांगत होती, आणि हा गृहस्थ केसाएवढ्या कुंचल्याने एका खेळण्यावर नवी धूळ बसवत होता.

"अण्णांना आवडेल ना गं?" त्यांनी विचारलं.

तिला एकदम त्यांची दया आली. न आवडायला काय झालं, ती म्हणाली.

पंच्याहत्तरीला घरचीच माणसं होती, आणि शेजारचे मास्तर. चहा झाल्यावर बारीकरावांनी खोकं अण्णांपुढे ठेवलं. अण्णांनी बंब बाहेर काढला आणि चष्मा लावला.

अण्णांनी नखाने दार उघडलं. सीटची शिवण पाहिली. घंटेची दोरी कुठे आहे ते पाहिलं, ती बरोबर त्यांच्या हाताशी होती. सीटखाली वाकून बघितलं, तिथे त्यांनी सांगितलेलं फडकं आणि पाना होता. "म्हणून विचारत होतात होय," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज जरा ओला झाला. "हा माझाच आहे."

आता येणार, ते दोन शब्द येणार.

अण्णांनी मडगार्डवरून बोट फिरवलं. बोटाकडे पाहिलं. पुन्हा फिरवलं. त्यांचा चेहरा बदलला. ते उठले आणि बंब घेऊन मोरीत गेले. दार लागलं.

म्हाताऱ्याला भरून आलं, मास्तर कुजबुजले. बारीकरावांचेही डोळे भरले. आत नळ सुरू झाला, तोंड धूत असतील बिचारे. मग घासल्याचा आवाज यायला लागला, चांगला जोरदार, आणि बारीकराव ताडकन उठले.

आत अण्णा बाह्या सरसावून पाटावर बसले होते. एका हातात बंब, दुसऱ्या हातात ब्रश, आणि सगळीकडे साबणाचा फेस.

"अण्णा, अहो, हे काय करताय?"

"आगीवरून आलं की आधी बंब, मग आपण," अण्णा मान वर न करता म्हणाले. "पोटात कावळे ओरडत असले तरी. बंब धुतल्याशिवाय आमच्यातला एकही जण जेवला नाही. चिखलाचा बंब मी कधी दारात उभा केला नाही, आणि पंच्याहत्तरीला मास्तरांपुढे ठेवू?"

बारीकराव 'राहू द्या' म्हणणार होते, पण अण्णांच्या तोंडचे शब्द त्यांच्या तोंडून काही निघेनात. पाण्यातून शिडी चालली होती. आरसा गेला. घंटा दोरीसकट गेली. गाळणीची जाळी सुटली आणि फेसावर गिरक्या घेऊ लागली. मोरीच्या तोंडाशी त्यांनी तळहात धरला, तर बोटांच्या फटीतून ती पहिली कडी निसटून गेली, तांदळाच्या कणीएवढी. त्यांना रडू यायचं बाकी राहिलं होतं.

आणि मग, काय सांगावं, त्यांचं लक्ष अण्णांच्या हातांकडे गेलं. ते हात घासत नव्हते, एका ठरलेल्या वाटेने फिरत होते. आधी छत, मग नाक, मग दोन्ही कुशी, वरून खाली, कुठेही मागे न येता. हे त्या सगळ्या रविवारांत त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. ते उकिडवे बसले.

"चाकं शेवटी का?" त्यांनी विचारलं.

अण्णा थांबले. "वरचा सगळा मळ चाकांवर येतो. आधी धुतली तर परत धुवावी लागतात." मग जरा सरकून त्यांनी पाटावर जागा केली. "टॉवेल धरा. दाबून नाही, नुसता टेकवायचा."

जावई टॉवेल टेकवत गेला आणि सासरे सांगत गेले. कुठल्या आगीवरून आल्यावर हात भाजलेले असताना बंब धुतला, कोणी पाणी ओतलं, कोण धुता धुता गाणं म्हणायचा आणि पुढे एका आगीतून परत आला नाही. हे त्यांनी मुलीलाही कधी सांगितलं नव्हतं. ती दारात येऊन उभी होती आणि या वेळी पदर खरोखरच डोळ्यांना लागला होता.

दोघे बाहेर आले तेव्हा बंब लखलखत होता. त्याच्यावर आता शिडी नव्हती, आरसा नव्हता, जाळी नव्हती आणि दाराला कडीही नव्हती. अगदी खेळण्याच्या दुकानातला वाटावा असा. अण्णांनी तो कपाटात मधोमध ठेवला आणि दोन पावलं मागे जाऊन डोळे भरून पाहिला.

मास्तरांनी जवळ जाऊन निरखलं. वा, काम चोख आहे, ते म्हणाले, कोणी केलं हे?

अण्णांनी जावयाकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, चारचौघांत, सासऱ्यांचा हात त्यांच्या खांद्यावर आला.

"धुतला मी," अण्णा म्हणाले. "पण मळवला सगळा यांनी. आणि खरं सांगतो मास्तर, छान मळवला होता. निघता निघत नव्हता."