आधीच पडणारे नानू भाऊजी

त्या दुपारी घरात आम्ही चौघं होतो: मी, माझा मुलगा सुनील, सून संगीता आणि शेजारचे नानू भाऊजी. मी बोलतेय, संगीता लिहितेय. मला सहीपुरतंच येतं.

भाऊजींची तऱ्हा अशी, की धक्का लागायच्या आधीच ते पडतात. मागे पाण्यावरून भांडण झालं, तेव्हा सोसायटीच्या सेक्रेटरीने नुसता हात वर केला, तर हे गोल फिरून तीन हात लांब जाऊन आडवे. सेक्रेटरीलाच चक्कर यायची बाकी. भाऊजी उठले, पँट झटकली नि बोलले, "सवय हो साहेब. पण तुमचा हात अजून वरून यायला हवा होता."

पिक्चरमध्ये गुंड असायचे ते. काम काय, तर मार खाणं. एकटा जीव, घरात टीव्ही नाही. फायटिंगचा पिक्चर लागला की आमच्या दाराशी येऊन बसतात. हिरोकडे बघतच नाहीत, पडणाऱ्यांकडे बघतात. "ह्याने कोपर वाचवलं नाही. नवखा आहे."

सुनील चिडवतो, "काका, तुम्ही वीस, तो एकटा. सगळे एकदम का नाही गेलात?"

"एकदम गेलो तर हिरो मरेल ना रे. मग उद्या काम कोण देणार? एकेकाने जायचं. बाकीच्यांनी मागे नाचत राहायचं."

त्या दुपारी जुना पिक्चर लागलेला. गोदामाच्या पत्र्यावरून हिरोने दोघांना खाली फेकलं.

"काका, ह्यात तुम्ही कुठले?" संगीताने विचारलं.

"निळा बनियन मी. लाल शर्ट आमचा दामू." मग बोलले, "हा पहिला टेक. ह्यात दोघं नीट पडलो. डायरेक्टरला अजून एक हवा होता."

दुसऱ्या टेकला दामू उठला नाही.

सुनीलने टीव्ही बंद केला.

भाऊजींनी मग सांगितलं, तेव्हा शूटिंगवाल्यांनी त्यांनाच खडवलीला पाठवलेलं, दामूच्या बायकोला सांगायला. ती दारात तांदूळ निवडत होती. "कधी येतायत हे?" तिने विचारलं. भाऊजींच्या तोंडून निघालं, "शूटिंग लांबलंय वहिनी. येईल चार दिवसांनी." तिने केलेला चहा प्यायले नि परत आले. पुन्हा गेलेच नाहीत. वीस-बावीस वर्षं झाली.

माझा माणूस कंपनीत मशीनखाली गेला, तेव्हा मलाही कोणी सांगायला आलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापर्यंत मी भात झाकून बसलेले. म्हणून बोलले, "भाऊजी, उशिरा का होईना, जायला पाहिजे. मी येते सोबत."

रविवारी गेलो. घराच्या जागी बिल्डिंग. भाऊजी वॉचमनला परत परत नाव सांगत राहिले, दामूची सुमन, दामूची सुमन. कोणाला माहीत नाही.

तुम्ही खडवलीकडचे असाल, सुमनबाई ठाऊक असतील, तर इथे कोपरीला, आमच्या घरी कळवा. दामूची उडी चुकली नव्हती. खाली पुठ्ठ्याची खोकी लावतात, ती पहिल्या उडीत चेपलेली, कोणी बदलली नाहीत. हे भाऊजींना स्वतः जाऊन तिला सांगायचंय.